चार मिलिमीटरची नळी आणि चाळीस हजारांची गाडी



कॉलेजच्या पार्किंगकडे कधी नीट बघितलंय का? मोटारसायकलींची रांग संपली की टोकाला दोन-चार जुन्या मोटारी उभ्या असतात. कुणाच्या मामाने नवी गाडी घेतली म्हणून भाच्याकडे आलेली मारुती 800, कुणा सरांची झेन, कुणाची सॅन्ट्रो. वय वीसच्या पुढे. त्यातली एखादी हमखास सिग्नलला थरथरते, स्लो वर-खाली होतो, पेट्रोल जास्त पिते. मग ठरलेला संवाद होतो.

"मेस्त्री, गाडी मिसिंग मारतेय."

"इंजेक्टर बघावे लागतील. नाहीतर ईसीएम गेलं असेल, साहेब."

कधी खरंच ईसीएम गेलेलं असतं. पण पुष्कळदा दुखणं असतं पेन्सिलीएवढ्या एका रबरी नळीचं. ती तडकलेली असते, निघालेली असते किंवा मागच्या वेळी कुणीतरी चुकीच्या नळकांडीवर बसवलेली असते. पाचवी तडकलेली म्हणून सहावी काढली, सहावी आठवेना म्हणून जिथे बसली तिथे बसवली. झालं!

या लेखाचा विषय म्हणजे या व्हॅक्यूम नळ्या कुठून कुठे जातात आणि का. एक गोष्ट आधीच सांगतो. नळ्यांची आकृती पाठ करायची गरज नाही. प्रत्येक नळीला एकच प्रश्न विचारायचा, 'बाई, तुला दाब कुठला हवा?' उत्तर मिळालं की तिची जागा आपोआप कळते.

या नळ्या आपल्याकडे आल्या कशा?

कार्ब्युरेटरच्या गाडीतही व्हॅक्यूमच्या नळ्या होत्याच. डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सला एक, ब्रेक बूस्टर असेल तर त्याला एक. पण इंधन किती द्यायचं हे ठरवायला कार्ब्युरेटरला नळी लागत नव्हती. व्हेंच्युरीतून हवा गेली की दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप खेचलं जातं, ही आपली बर्नोलीची गोष्ट.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं तसं हे बदललं. बॉशने 1967 साली डी-जेट्रॉनिक ही पद्धत आणली आणि ती अमेरिकेसाठीच्या फोक्सवॅगन 1600 मध्ये बसवली. त्यातला 'डी' हा जर्मन 'ड्रुक' या शब्दाचा, म्हणजे दाबाचा. मॅनिफोल्डमधला दाब एका नळीने सेन्सरपर्यंत न्यायचा आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवायचं. म्हणजे त्या दिवसापासून नळी ही नुसती नळी राहिली नाही, ती इंजिनाची नस झाली. पुढे एल-जेट्रॉनिक आलं. त्यातला 'एल' म्हणजे 'लुफ्ट', हवा. त्यात दाबाऐवजी आत जाणारी हवाच मोजली जाते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

आपल्याकडे 1998 ला आलेली सॅन्ट्रो सुरुवातीपासूनच एमपीएफआय होती. 1 एप्रिल 2000 पासून देशभर 'इंडिया 2000' हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. साध्या कार्ब्युरेटरचे दिवस भरले आणि मारुती 800 सुद्धा एमपीएफआय झाली. 1983 ला सुरू झालेली ही गाडी जानेवारी 2014 मध्ये बनायची थांबली. त्या काळातल्या हजारो गाड्या अजून आपल्या भागात धावतात. पंधरा वर्षांनी आरसी नूतनीकरण करून, पीयूसी काढून धावतात. त्यांच्या बॉनेटखालची मूळ रबरे मात्र कधीच म्हातारी झालेली आहेत. उमरग्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि बॉनेटखाली त्याच्या कितीतरी जास्त. रबराने किती दिवस काढायचे?

व्हॅक्यूम ओढत नाही!

व्हायवाला हमखास गोंधळ होतो तो इथे. व्हॅक्यूम काही ओढत नाही. बाहेरची हवा आत ढकलते. ओटो फॉन गेरिके या जर्मन माणसाने सतराव्या शतकात दोन अर्धगोल एकत्र धरून आतली हवा काढली आणि घोडे जुंपूनही ते सुटेनात. ते धरून ठेवलेले होते बाहेरच्या हवेने.

इंजिनातही तसेच. पिस्टन खाली जाताना हवा मागतो, पण थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते. मग चकतीच्या मागे, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, दाब पडतो. हिशोबासाठी आपल्या पठारी भागातला वातावरणाचा दाब 95 किलोपास्कल धरू. आयडलला मॅनिफोल्डमधला दाब साधारण 35 किलोपास्कल असतो. फरक 60 किलोपास्कल, म्हणजे 0.6 बार. पूर्ण रेस दिली की चकती आडवी होते आणि मॅनिफोल्डमधला दाब जवळपास वातावरणाइतका होतो, फरक शून्याच्या आसपास.

म्हणजे मॅनिफोल्डचा दाब ही इंजिनाच्या मेहनतीची खूण आहे. दाब कमी म्हणजे इंजिन निवांत, दाब जास्त म्हणजे इंजिन कष्टात. बाकी सगळ्या नळ्या ही एकच बातमी वेगवेगळ्या घरी पोचवतात.

जाता जाता डिझेलवाल्यांसाठी. जुन्या डिझेल इंजिनात हवा अडवणारी थ्रॉटल चकतीच नसते, त्यामुळे असा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून आपल्याकडच्या कितीतरी डिझेल जीपगाड्यांत ब्रेकसाठी अल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो.

चकतीच्या अलीकडे, पलीकडे की अगदी दारात?

एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जा. नळी जोडायच्या जागा तीन प्रकारच्या सापडतील.

पहिली, चकतीच्या अलीकडे, म्हणजे फिल्टरच्या बाजूला. इथे जवळपास वातावरणाचाच दाब. स्वच्छ हवा हवी असेल तर इथून घ्यायची.

दुसरी, चकतीच्या पलीकडे, थेट मॅनिफोल्डवर. इथे आयडलला सगळ्यात जोरदार व्हॅक्यूम आणि रेस दिली की तो कमी होतो.

तिसरी गंमतीची. बंद चकतीच्या कडेला, किंचित अलीकडे एक बारीक भोक असते. आयडलला ते भोक फिल्टरच्या बाजूला राहते, म्हणून तिथे व्हॅक्यूम नाही. चकती थोडी उघडली की तिची कड भोकाच्या पुढे सरकते आणि तेच भोक मॅनिफोल्डच्या बाजूला जाते. मग तिथे व्हॅक्यूम येतो. याला पोर्टेड व्हॅक्यूम म्हणतात. उपयोग कशाला? आयडलला जे काम नको आणि चालत्या गाडीत हवे, त्याला. जुन्या रचनेतले ईजीआर, कॅनिस्टरची पर्ज, डिस्ट्रिब्यूटरचा ॲडव्हान्स वगैरे.

थ्रॉटल बॉडीवर एका ओळीत असलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या नळकांड्यांत एक मॅनिफोल्डची आणि एक पोर्टेड असू शकते. ओळखायची कशी? इंजिन आयडलला ठेवा, नळी काढा, बोट लावा. बोट धरून ठेवलं तर मॅनिफोल्ड. काहीच जाणवलं नाही आणि हलकी रेस दिल्यावर जाणवलं तर पोर्टेड. यापेक्षा सोपे प्रॅक्टिकल आपल्या सिलॅबसमध्ये नाही! बोट लावताना फॅन आणि बेल्टपासून लांब राहायचं, बाही सैल नको, हे वेगळं सांगायला नकोच.

आता एकेका नळीला विचारू

*मॅप सेन्सरची नळी.* हिला हवा मॅनिफोल्डचा खरा दाब, कुणाची भेसळ नसलेला. म्हणून शक्यतो स्वतंत्र नळी, मध्ये टी नको. ही निघाली तर काय होतं? सेन्सरला 35 ऐवजी 95 किलोपास्कल दिसतात. ईसीएमला वाटतं की गाडी घाट चढतेय, आणि ते आयडललाच अडीचपट-पावणेतीनपट पेट्रोल सोडायला लागतं. काळा धूर, काळे प्लग, गाडी बंद. मेस्त्री इंजेक्टर खोलतो, आणि दोष नळीचा असतो. ज्या गाड्यांत सेन्सर थेट मॅनिफोल्डवरच बसवलेला आहे, तिथे ही नळी नाही आणि हा प्रश्नही नाही. जिथे नळी आहे तिथे सेन्सर मॅनिफोल्डपेक्षा उंचावर ठेवतात आणि नळीला खाली मॅनिफोल्डकडे उतार देतात. कारण नळीत साचलेले पाणी किंवा पेट्रोलचा थेंब उतारावरून परत मॅनिफोल्डमध्ये गेला पाहिजे. नळी मध्येच झोळीसारखी लोंबली की थेंब तिथे साचतो आणि सेन्सरला बातमी उशिरा पोचते.

*फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी.* इंजेक्टर म्हणजे एक भोक. त्यातून किती पेट्रोल जाईल हे भोकाच्या दोन्ही बाजूंच्या दाबाच्या फरकावर, नेमके म्हणजे त्या फरकाच्या वर्गमुळावर ठरते. हा फरक कायम राहावा म्हणून रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा दाब कळवावा लागतो. समजा फरक 3 बार ठेवायचा आहे. आयडलला मॅनिफोल्ड 0.6 बारने खाली आहे, म्हणून रेग्युलेटर रेलमधला दाबही 0.6 ने खाली आणतो. गेजवर 2.4 दिसतात, फरक 3 बारच राहतो. आता ही नळी निघाली असे धरा. रेलमध्ये 3 बार, इंजेक्टरच्या तोंडाशी उणे 0.6, फरक 3.6. वर्गमूळ काढा: 3.6 भागिले 3 म्हणजे 1.2, त्याचे वर्गमूळ जवळपास 1.095. म्हणजे साडेनऊ टक्के पेट्रोल जादा! पूर्ण रेसला मात्र फरक पडत नाही, कारण तिथे मॅनिफोल्ड आणि वातावरण सारखेच. म्हणून अशी गाडी हायवेला ठीक पळते आणि पीयूसीच्या मशीनपुढे नापास होते. बीएस 2 आणि बीएस 3 पेट्रोल मोटारींना आयडलला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएम ही मर्यादा आहे. साडेनऊ टक्क्यांची चैन त्यात बसत नाही.

या नळीची आणखी एक तपासणी कधी विसरू नका. नळी काढून वास घ्या. आत पेट्रोल ओले दिसले तर रेग्युलेटरचा पडदा फाटलेला आहे आणि पेट्रोल नळीवाटे सरळ मॅनिफोल्डमध्ये जातंय. मग नळी बदलून उपयोग नाही, रेग्युलेटर बदला. (रेग्युलेटर टाकीतच बसवलेल्या गाड्यांत रेलवर ही नळी नसते. शोधत बसू नका.)

*पीसीव्हीची नळी.* पिस्टनच्या कडेने थोडा वायू क्रँककेसमध्ये झिरपतोच. तो बाहेर काढायला दोन नळ्या असतात. फिल्टरच्या बाजूने येणारी ताज्या हवेची, आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डकडे जाणारी. अदलाबदल झाली, किंवा पीसीव्ही चोंदला, तर ऑइल फिल्टरकडे यायला लागते. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल दिसलं की आधी इकडे बघा.

*चारकोल कॅनिस्टरच्या नळ्या.* टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात धरून ठेवायची आणि चालत्या गाडीत इंजिनाला जाळायला द्यायची, ही कल्पना. डब्याला तीन तोंडे, एक टाकीकडे, एक इंजिनाकडे, एक मोकळ्या हवेला. टाकीची नळी आणि पर्जची नळी उलट बसली की टाकीवरच व्हॅक्यूम येतो. मोकळे तोंड मातीने बुजले तरी तेच. टाकीचे झाकण उघडताना जोराने फुस्स आवाज आला तर या डब्याकडे संशयाने बघा.

*ब्रेक बूस्टरची नळी.* ही सगळ्यात जाड, आणि हिच्याशी खेळायचे नाही. बूस्टरमध्ये पडद्याच्या एका बाजूला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम आणि पेडल दाबल्यावर दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. या फरकाने आपल्या पायाला मदत मिळते. नळीत एकदिशा व्हॉल्व्ह असतो, त्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे. उलटा बसवला तर बूस्टर रिकामा होणारच नाही. हा व्हॉल्व्ह नीट असेल तर इंजिन बंद पडल्यावरही दोन-तीन वेळा मदतीचा ब्रेक लागतो. तुळजापूरचा घाट उतरताना गाडीत चार जण बसलेले असताना इंजिन बंद पडलं, तर ते दोन-तीन ब्रेकच आपले असतात. म्हणून या नळीत कशासाठीही टी घालू नका आणि घरगुती पाइप लावू नका.

तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर, व्हॉल्व्ह आणि नळी काम करतायत. गेले नाही तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

एकच भोक, दोन गाड्या, दोन दुखणी

मघाशी डी आणि एल लक्षात ठेवायला सांगितलं होतं. ते आता.

मॅनिफोल्डवरची एक रिकामी नळकांडी उघडी राहिली समजा. आपल्या छोट्या मारुतीसारखी मॅप सेन्सरची गाडी असेल तर जादा हवा आत गेली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, सेन्सरला तो दिसतो आणि ईसीएम त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवते. परिणाम, गाडी बंद पडत नाही, पण स्लो चढतो, 850 चा 1500 होतो. मेस्त्री स्लोचा स्क्रू आवळतो आणि खरा रोग झाकला जातो. भोक एकाच सिलिंडरच्या जवळ असेल तर तेवढाच सिलिंडर उपाशी राहतो आणि गाडी मिसिंग मारते.

दुसरी गाडी हवा मोजणारी असेल, तर गोष्ट वेगळी. 1995 पासून पुण्यात जुळणी झालेल्या डब्ल्यू 124 मर्सिडीजचे पेट्रोल ई 220 मॉडेल घ्या. तिच्यात गरम फिल्मवरून जाणारी हवा मोजली जाते. भोकातून शिरलेली हवा मीटरच्या मागून आलेली असते, म्हणजे बिनतिकीट प्रवासी. तिच्या वाटचे पेट्रोल सुटतच नाही. मिश्रण पातळ होते, स्लो हेलकावे खातो, गाडी बंद पडते. ऑक्सिजन सेन्सर थोडे सावरतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

भोक किती मोठं असलं की किती हवा शिरते? फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांनी वही काढा. आत 35, बाहेर 95, गुणोत्तर 0.37. हवेसाठी 0.528 च्या खाली गेलं की प्रवाह चोक होतो, म्हणजे भोकात हवा ध्वनीच्या वेगाने जाते. (फुस्स आवाज येतो तो याचाच भाऊ.) 4 मिलिमीटरच्या भोकातून, डिस्चार्ज कोएफिशंट 0.7 धरून, सेकंदाला साधारण 1.9 ग्रॅम हवा शिरते. आणि 796 सीसीचे इंजिन 850 आरपीएमला सगळी मिळून किती हवा घेते? व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी 80 टक्के धरा, उत्तर 1.8 ग्रॅमच्या आसपास येते!

म्हणजे एक बारीक नळी निघाली की इंजिनाला आयडलला लागते जवळपास तेवढीच हवा चोरवाटेने आत येते. 2 मिलिमीटरची फट असेल तर त्याच्या चौथा हिस्सा, 1 मिलिमीटरची असेल तर सहा-सात टक्के. मोठ्या इंजिनाला हेच भोक कमी त्रास देते. आपल्या छोट्या गाड्यांना नळ्यांचं दुखणं जास्त का भोवतं, ते या आकड्यांत आहे.

यात आता पेट्रोलची भर. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल पोचले. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पट. म्हणजे जुन्या नकाशावर चालणाऱ्या ईसीएमला आधीच थोडे जास्त पेट्रोल द्यावे लागते. ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती करण्याची जेवढी ताकद आहे, त्यातली थोडी तिथेच संपते. वर नळी गळकी असेल तर शिल्लक काय राहणार?

ठिबकची नळी चालेल का?

हा प्रश्न आपल्याच भागात विचारला जातो, कारण शेतात ठिबकची बारीक मायक्रोट्यूब पडलेलीच असते आणि ती नळकांडीवर बसतेही छान. उत्तर आहे, नाही. ते पॉलिथिलीन गरम झाल्यावर मऊ पडते, आणि आतून व्हॅक्यूम म्हणजे बाहेरून दाब. नळी चपटी होते. बाहेरून बघणाऱ्याला नळी जागेवर दिसते, आतून रस्ता बंद. सलाइनची नळी सुरुवातीला लवचीक असते, पण उष्णता आणि पेट्रोलच्या वाफेने कडक होऊन तडकते.

स्पेअर पार्टच्या दुकानात व्हॅक्यूमचीच नळी मागा, आणि आतला व्यास जुन्या नळीशी जुळवा. साधारण 3 ते 5 मिलिमीटरच्या असतात. अर्धा मिलिमीटर सैल नळी क्लिप लावूनही गळते. लाल-निळी सिलिकॉनची नळी दिसायला झकास आणि उष्णतेला पक्की, पण पेट्रोल आणि ऑइल तिला सोसत नाही. मॅप सेन्सरला ती चालेल. पीसीव्ही, कॅनिस्टर आणि रेग्युलेटर यांना पेट्रोल-ऑइल सोसणारीच नळी हवी. बूस्टरला त्याचीच खास नळी, दुसरी नाही.

काढताना आणि बसवताना

1. एका वेळी एकच नळी काढा आणि तिच्याच जागी नवी बसवून मग पुढची. सगळ्या एकदम काढून ढीग करण्यात शौर्य नाही.

2. त्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना आणि दोन्ही नळकांड्यांना कागदी टेप लावून एकच नंबर लिहा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना बॉनेटखाली नळ्यांच्या आकृतीचा स्टिकर असतो. आपल्याकडच्या जुन्या गाडीत तो सापडेलच असं नाही, आणि सापडला तरी वाचता येईलच असं नाही. आपला स्टिकर आपणच बनवायचा.

3. जुनी नळी ओढून काढू नका. प्लॅस्टिकची नळकांडी तुटली तर वीस रुपयांचे काम हजारात जाते. आधी पिळून सैल करा, नाही निघाली तर नळीला ब्लेडने लांबीने चीर द्या.

4. नवी नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब, थ्रॉटलच्या केबलपासून बाजूला. इंजिन माउंटिंगवर हलते, म्हणून थोडा ढिलेपणा ठेवा. पण इतका नको की नळीला घडी पडेल.

5. एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेल्या गाडीत जास्त लक्ष. किटसाठी मध्येच टी घातलेला असतो आणि किट काढल्यावर तो टी तसाच राहतो, तोंडाला बोल्ट कोंबून. बोल्ट कधीतरी पडतो.

6. कुठली नळी बोल्ट घालून बंद केलेली दिसली तर विचारा, का? कॅनिस्टर आणि ईजीआरच्या नळ्या 'काही कामाच्या नाहीत' म्हणून बंद करायची पद्धत आहे. कामाच्या नसत्या तर कंपनीने त्यावर पैसे घातले नसते.

गळती कशी शोधायची?

आधी डोळे, मग कान. नळीचे टोक वाकवून बघा, टोकाशी बारीक तडे दिसतील. हातभर रिकामी नळी कानाशी धरून दुसरे टोक फिरवा, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखे. फुस्स आवाज कुठून येतो ते कळते. संशयाची नळी पक्कडीने अलगद दाबा. स्लो बदलला तर चोर सापडला. बूस्टरची नळी मात्र पक्कडीने दाबू नका. ती मॅनिफोल्डवरून काढून नळकांडीला तात्पुरते बूच लावून बघा, आणि लगेच परत बसवा.

व्हॅक्यूम गेज असेल तर फारच चांगले. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिनाचा काटा आयडलला 18 ते 22 इंचांवर स्थिर असतो. दर 300 मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा. काटा खाली आणि स्थिर असेल तर गळती किंवा टायमिंग, थरथरत असेल तर व्हॉल्व्ह किंवा एखादा सिलिंडर. आपल्या वर्कशॉपमध्ये असे एक गेज असेल तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्यांनी ते जरूर मागून घ्यावे.

एक गोष्ट करू नका. काही गॅरेजांत चालू गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधतात. स्लो बदलतो हे खरे, पण एक्झॉस्ट शेजारीच तापलेला असतो आणि प्लगच्या वायरी जुन्या असतात. गाडी पेटायला दुसरं काय लागतं? त्याऐवजी इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, हलका दाब देऊन साबणाचा फेस लावा. सायकलच्या ट्यूबची पद्धत, आपल्या सगळ्यांना शाळेपासून येते. चांगल्या वर्कशॉपमध्ये धुराचे मशीन असते, ते सगळ्यात उत्तम.

शेवटी

आपण आयसी इंजिनच्या पेपरला व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी लिहितो, फ्लुइडच्या पेपरला चोक फ्लो लिहितो, इन्स्ट्रुमेंटेशनला प्रेशर सेन्सर लिहितो. तीन वेगळ्या वह्या, तीन वेगळे सबमिशन. ते तिन्ही विषय बॉनेटखाली एका रबरी नळीत एकत्र राहतात, आणि गाडी सोलापूरकडे धावू लागली की तिथेच त्यांची परीक्षा होते.

म्हणून पुढच्या रविवारी मेस नंतर झोप काढण्याआधी अर्धा तास द्या. ज्याची गाडी असेल त्याची परवानगी घ्या, इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि वहीच्या मागच्या पानावर नळ्यांची आकृती काढा. थ्रॉटलच्या चकतीची एक रेघ, तिच्या अलीकडे काय, पलीकडे काय. प्रत्येक नळीपुढे लिहा, हिला कुठला दाब हवा. जिथे उत्तर येणार नाही, तिथेच बोट ठेवून वर्कशॉपच्या सरांना विचारा. आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, ब्रेकच्या पेडलची ती एक तपासणी करा. मग गाडी तुळजापूरला न्या, हैदराबादला न्या, कुठेही न्या.